गेनूचा गट कोणता?

कातळवाडी नावाच्या एका गावात एक भोळा फटफटीवाला होता. त्याचं नाव गेनू.

भोळा म्हणजे किती भोळा? आईनं एकदा सांगितलं, "गेन्या, दुधावर लक्ष ठेव." त्यानं ठेवलं. दूध वर आलं, उतू गेलं, चुलीत गेलं, विस्तव विझला. गेनू शेवटपर्यंत बघत होता. आई धावत आली आणि ओरडली. गेनू म्हणाला, "लक्ष होतं की माझं! एक थेंबसुद्धा नजरेतून सुटला नाही."

पण पोरगं मनानं सोनं. खोटं बोलणं त्याला जमत नसे, कारण खोटं बोल असं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

आता कातळवाडीत सगळा कातळच. नांगर घातला तर फाळ वाकतो. म्हणून या गावानं कातळावर फटफट्या चालवल्या. दर वर्षी होळी झाली की गावात कसरतीची स्पर्धा भरे. ही पळायची शर्यत नव्हे. गोगलगाईसारखं गेलात तरी चालतं. दगडांवरून, ओंडक्यांवरून, ओढ्यातून फटफटी न्यायची, पण पाय खाली टेकायचा नाही. पाय टेकला की एक दंड. पाच दंड झाले की बाद. एकही दंड झाला नाही तर पंच मूठ वळून वर धरतो. ती बंद मूठ दिसली की गाव शिट्ट्या वाजवतं.

स्पर्धेचे प्रमुख रंगराव. नियमांचा माणूस. घरात चहासुद्धा नियमानं पीत. त्यांची मुलगी शेवंता कड्याच्या टप्प्यावर पंच म्हणून उभी राहायची. तिची नजर अशी की पायाच्या अंगठ्याचं नख टेकलं तरी बोट वर.

ही शेवंता एक दिवस वडिलांना म्हणाली, "अण्णा, लग्न करीन तर गेनूशी."

रंगरावांच्या हातातली बशी कलंडली. "त्या खुळ्याशी? का गं?"

"सांगितलेलं ऐकतो."

"अगं, ऐकतो हेच तर त्याचं दुखणं आहे!"

पण लेक हटेना. शेवटी रंगराव म्हणाले, "बरं. होळीनंतर नवशिक्यांच्या गटात उतरू दे त्याला. नंबर नको मला. कड्याचा टप्पा बाद न होता पार केला तर मुलगी दिली. बाद झाला तर वडगावच्या ट्रॅक्टरवाल्याला होकार कळवतो. मग रडायचं नाही."

"नाही रडणार," शेवंता म्हणाली. पण त्या दिवशी तिनं भाजीत मीठ दोनदा घातलं.

गेनूच्या आईनं आपल्या भावाला बोलावलं. त्याचं नाव बजाबा. तरुणपणी पट्टीचा खेळाडू, आता गावात फटफट्या दुरुस्त करायचा. त्यानं गेनूला कातळावर नेलं.

"हे बघ गेन्या. या फटफटीला गादी नाही. उभ्यानं चालवायची. आणि एकदा चढलास की पाय खाली टेकायचा नाही. काही झालं तरी नाही. समजलं?"

"समजलं मामा."

गेनू चढला. दगडावरून गेला, ओंडक्यावरून गेला, ओढ्यातून गेला. लहानपणापासून डोक्यावर घागर घेऊन ओढ्यातल्या दगडांवरून चाललेला पोरगा तो. तोल त्याच्या अंगातच होता. मामाचा आ वासला. "शाबास! आता घरी जा."

गेनू घरी गेला. अंगणात पोचला. आणि तिथंच जांभळीच्या फांदीला धरून उभा राहिला. फटफटीवर.

आई म्हणाली, "उतर की रे."

"पाय टेकायचा नाही."

"अरे, जेवायचंय!"

"वाढ इथंच."

आईनं घास भरवला. शेजारीण बघायला आली. शेजारणीची सासू बघायला आली. कोंबड्या मागच्या चाकावर बसल्या. दिवस कलला तरी गेनू फांदीला धरून उभाच. शेवटी आईनं मामाला बोलावणं धाडलं.

मामा आला आणि कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे खुळ्या, दोन्ही बाजूंना दोऱ्या ताणलेल्या असतात ना, त्यांच्या मध्ये पाय टेकायचा नाही! दोऱ्यांबाहेर आलास की खुशाल टेक!"

"असं होय!" गेनू म्हणाला. "मग आधी नाही का सांगायचं?" आणि टुणकन खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "रंगरावांच्या घरी जाऊन ये. सासरा व्हायचाय, चार शब्द गोड बोल." नवा सदरा घालून गेनू निघाला.

रंगरावांच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्या बांधलेल्या होत्या. एकीवर धोतरं, एकीवर लुगडी. वाट त्यांच्या मधून. गेनू चार पावलं आत आला आणि त्याला दोऱ्या दिसल्या. इकडे दोरी. तिकडे दोरी. मध्ये आपण. आणि आपले दोन्ही पाय जमिनीवर!

गेनूनं उडी मारली. ती पाट्यावर पडली. पाट्यावरून मिरच्यांच्या टोपलीवर. टोपलीवरून बाजेवर. बाज मोडली. समोर रंगराव "ये, ये, बस" म्हणायला उठले होते. गेनूनं त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि पाठीवर चढून बसला.

"अरे उतर! कोण आहे रे तिकडे! उतरवा याला!"

"अण्णा, मला दोऱ्यांबाहेर न्या, मग उतरतो!"

रंगराव त्याला पाठुंगळी घेऊन पार रस्त्यापर्यंत गेले. तिथं गेनू उतरला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "फार बरं झालं. एकही दंड नाही." शेवंता ओसरीवर पदर तोंडात कोंबून उभी होती.

मामानं डोकं धरलं. "अरे, नुसत्या दोऱ्या असून चालत नाही! पंच पण उभा लागतो. दोऱ्या आणि पंच, दोन्ही असतील तरच तो टप्पा."

"असं होय! मग आधी नाही का सांगायचं?"

"आणि नव्या जागी गेलं की असं एकदम घुसू नये. आधी सगळीकडे पायी फिरून बघावं. मोठासा दगड दिसला की त्याला पायानं हलवून बघावं. डळमळला तर त्याच्या भरवशावर राहू नये."

"बरं मामा."

माफी मागायला गेनू परत रंगरावांकडे गेला. या वेळी एकदम घुसला नाही. आधी घराभोवती फिरला. गोठा बघितला. न्हाणीघरात डोकावला, आतून रंगरावांचा भाऊ ओरडला. मग ओसरीवर आला. कोपऱ्यात काहीतरी काळं, गोल, मोठंसं होतं. गेनूनं त्याला पायानं हलवलं.

ते डळमळलं.

गेनूनं आणखी जोरात हलवलं. ते म्हणालं, "कोण मेला लाथा घालतोय?"

ती रंगरावांची आई होती, बायजाक्का. घोंगडी पांघरून उन्हाला बसलेली.

"भरवशाचं नाही," गेनू मान हलवत म्हणाला. "अण्णा, हे डळमळतंय. इथं ठेवू नका."

रंगराव आईला सावरायला धावले. पण बायजाक्का तोंडाचं बोळकं पसरून हसायला लागली. "खरं बोलला गं बाई! सगळे म्हणतात, आक्का, शंभरी गाठशील. हा एकटा म्हणाला डळमळतंय म्हणून!"

मामानं ऐकलं आणि स्वतःच्या डोक्यावर हातोडी मारता मारता थांबला. "अरे, माणूस आहे का दगड? माणूस समोर आलं की आधी वय विचारावं. मग किती सराव आहे ते विचारावं. आणि मग ज्याच्या त्याच्या गटाप्रमाणं वागवावं. आपल्या स्पर्धेत कसं असतं? पंधराच्या आतली पोरं, त्यांची वाट वाळूतून, सोपी, पांढरा बाण. नवशिके, त्यांची जरा चढाची, हिरवा बाण. पन्नाशीपारचे, गुडघे धरून आलेले, त्यांची वळणाची, निळा बाण. आणि पट्टीचे, त्यांची थेट कड्यावरून, लाल बाण. वय बघायचं, कसब बघायचं, मग झेपेल तेवढंच द्यायचं. जो तो आपल्या रंगाचा बाण धरून जाणार."

"असं होय! मग आधी नाही का सांगायचं?"

आठवड्याभरात रंगरावांकडे सत्यनारायण होता. शेवंतानं निरोप धाडला, "वाढायला माणूस कमी आहे. या. आणि वाढण्यापलीकडे काहीच करू नका." गेनू गेला. हातात आमटीची बादली, कमरेला पंचा.

पंगत बसली. पहिलं पान भटजींचं. गेनू समोर उभा राहिला. "गुरुजी, वय?"

"साठ. का रे?"

"जेवणाचा सराव?"

भटजी खूश झाले. पोटावरून हात फिरवत म्हणाले, "तो विचारू नकोस. तालुक्यात माझ्यासारखा जेवणारा नाही!"

"पट्टीचे," गेनू म्हणाला आणि त्यानं लाल मिरचीचा ठेचा, अख्खा वाडगा, त्यांच्या पानात उपडा केला. भात नाही, तूप नाही. "झेपेल तुम्हाला."

पुढच्या पानावर सरपंच. "सरपंचकाका, सराव?"

"आम्ही काय बाबा, पथ्याचं खाणारे."

"नवशिके." त्यांना एक पोळी आणि पाणी.

मग रंगराव. त्यांनी परवाच नवी कवळी बसवली होती. गेनूनं वाकून त्यांच्या तोंडात बघितलं. "दात नवेच दिसतात अण्णा."

"हो, परवाच बसवले."

"म्हणजे अजून पंधराच्या आत," गेनू म्हणाला. आतून दूधभात आणला, कालवला, आणि रंगरावांच्या गळ्याला पंचा बांधून पहिला घास त्यांच्या तोंडापाशी नेला. "आ करा. हा काऊचा."

तेवढ्यात भटजींनी ठेच्याचा घास घेतला होता. ते उठले. अंगणातून गेले, वाटेनं गेले, आणि ओढ्यात तोंड घालून बसले. बराच वेळ ओढ्यातून फक्त बुडबुडे येत होते.

रंगराव काऊचा घास थुंकून ओरडले, "बजाबा! ने तुझ्या भाच्याला!"

मामा त्याला कान धरून बाहेर घेऊन आला. "अरे, जेवणात कसले गट? देवाच्या प्रसादाला गट नसतात! लहानथोर सगळे एका पंगतीत. सगळ्यांना सारखं आणि सगळ्यांना चांगलं. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं, हे पाप!"

"पाप?" गेनूचा चेहरा उतरला. "मग आधी नाही का सांगायचं?"

हे मात्र त्याच्या मनाला फार लागलं. घरी जाऊन त्यानं देवापुढे कान पकडले.

स्पर्धेचा दिवस उजाडला. बाण रोवायचं काम मामाकडे होतं, पण त्याची कंबर धरली होती. बाणांचा भारा गेनूच्या खांद्यावर देऊन तो म्हणाला, "कड्याच्या टप्प्यावर चुन्याच्या खुणा केल्यात. चारी रंगांचे बाण रोवून ये. एवढं तरी नीट कर. शेवंताचं लग्न आज ठरायचंय, तुझ्याशी नाहीतर ट्रॅक्टरशी."

गेनू खुणा बघत फिरला. पोरांची खूण वाळूत. म्हाताऱ्यांची वळणावर. नवशिक्यांची बारक्या चढावर. आणि पट्टीच्यांची थेट कड्यावर. कडा कसला! काळा, उंच, वर पळसाचं झाड फुललेलं, वरून तीन गावं दिसतात.

गेनू विचारात पडला. पट्टीच्यांना एवढा सुंदर कडा, आणि पोरांना नुसती वाळू? म्हाताऱ्यांना नुसतं वळण? एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं? त्याला मामाचा शब्द आठवला. पाप! त्याच्या अंगावर काटा आला. त्यानं पांढरे, निळे, हिरवे, लाल, सगळे बाण कड्यावर रोवले. ओळीनं. एका पंगतीत.

नारळ फुटला. हलगी वाजली. पहिला पोरांचा गट आला. पोरांनी वर बघितलं. बाण वर. पोरांनी एकमेकांकडे बघितलं, फटफट्या खाली टाकल्या आणि ओढ्यात पोहायला गेली.

रंगराव धावत आले. "हे बाण कोणी रोवले?"

"मी अण्णा," गेनू म्हणाला. "सगळ्यांना सारखं. पोटभर."

"बाण हलवा!" लोक ओरडले.

रंगराव बाणाला हात घालायला गेले आणि तिथंच थबकले. नारळ फुटल्यावर बाणाला हात लावायचा नाही, हा नियम त्यांनीच केला होता. स्पर्धेच्या फळ्यावर तो त्यांच्याच अक्षरात लिहिलेला होता. बायजाक्का घोंगडीतून ओरडली, "काय रे रंग्या, नियम मोडतोस?" रंगरावांनी हात मागे घेतला.

मग पन्नाशीपारचा गट आला. तात्या गुरव पुढे. बायकोनं घरून निघताना बजावलं होतं, "वळणानंच जा, उगाच मर्दुमकी नको." पण आता निळा बाणच कड्यावर! तात्यांचे डोळे चमकले. "बाण म्हणतोय तर जावंच लागेल," ते म्हणाले आणि गरगर करत, धूर काढत, तीन ठिकाणी पाय टेकत वर पोचले. वर जाऊन त्यांनी टोपी हवेत उडवली. बायको खालून म्हणाली, "उतरा आधी!" तात्या म्हणाले, "उतरायचा बाण नाही!"

मग नवशिके. पहिला आला आणि कड्याला बघून घसरला. दुसरा मध्यावरून परत खाली आला, फटफटी आधी, तो नंतर. तिसरा गणपा. तो एक, दोन, तीन, चार, पाच पाय टेकून आडवा झाला आणि तिथूनच भांडायला लागला, "हा नवशिक्यांचा चढ आहे का? मी नाही हटत!"

रंगरावांचा राग कोणावर तरी निघायचाच होता. "पाच झाले ना? बाद! बाद झाल्यावर वाद नाही. दोऱ्यांबाहेर हो आणि मागं वळून बघू नको!"

गेनू बाजूला उभा राहून ऐकत होता. सासऱ्याचा शब्द. त्यानं तो नीट लक्षात ठेवला.

मग त्याची पाळी आली. कड्याखाली शेवंता पंच म्हणून उभी होती. तिच्या हातातला रुमाल तिनं एवढा पिळला होता की त्याची वात झाली होती. वडगावचा ट्रॅक्टरवाला फेटा बांधून पहिल्या रांगेत बसला होता.

"जपून," शेवंता हळूच म्हणाली.

"कशाला?" गेनूनं विचारलं. "बाण आहे की."

कडा अवघड आहे हे गेनूला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यानं हिरवा बाण बघितला आणि निघाला. फटफटीचं पुढचं चाक उचललं, दगडावर ठेवलं, थांबला, श्वास घेतला, मागचं चाक उचललं. जसा घागर घेऊन ओढा ओलांडावा तसा. कपारीपाशी फटफटी हलेना. गेनू तसाच उभा, पाय ठेवायच्या दांड्यांवर, वाऱ्याबरोबर जरासा डुलत. मग एक झटका, आणि तो वर. पळसाखाली. तात्यांच्या शेजारी.

शेवंतानं मूठ वळली आणि वर धरली. बंद मूठ. गाव नुसतं किंचाळत होतं.

"हा फसवाफसवीचा मामला आहे!" ट्रॅक्टरवाला उठला. "ही वाट नवशिक्यांची नाही!"

सगळे रंगरावांकडे बघायला लागले. रंगरावांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. पण माणूस नियमाचा. "हिरवा बाण जिथं, ती नवशिक्यांची वाट," ते म्हणाले. "पोरगा बाणाप्रमाणं गेला. गटात पहिला आला. मुलगी दिली."

मामानं गेनूला मिठी मारली. डोळे पुसत म्हणाला, "गेन्या, लक्षात ठेव. एकदा गट जिंकला की त्यात परत उतरायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून माणूस वरच्या गटात."

"बरं मामा."

लग्नाचा दिवस आला. गर्दी आत घुसू नये म्हणून रंगरावांनी बोहल्याभोवती दोऱ्या ताणल्या होत्या. स्पर्धेतल्याच. अक्षता पडल्या, माळा पडल्या, होम झाला. गेनू गुणी बाळासारखा पाटावर होता. पाट म्हणजे काही जमीन नव्हे.

मग भटजींनी तांदळाच्या सात राशी मांडल्या. ठेच्यापासून ते गेनूपासून दोन हात लांबच असत. लांबूनच म्हणाले, "आता सप्तपदी. नवरीला घेऊन एकेका राशीवर पाऊल ठेव. सात पावलं."

गेनूनं पाटावरून पाय उचलला आणि बघितलं. इकडे दोरी. तिकडे दोरी. शेजारी शेवंता. म्हणजे पंच. टप्पा सुरू!

"सात?" त्यानं घाबरून विचारलं.

"सात."

"कमी करता नाही येणार?"

"अरे, मंत्र सात आहेत!"

गेनूनं शेवंताकडे बघितलं. ती हसली. त्याला रडू आलं, पण वडीलधाऱ्यांचा शब्द मोडायचा कसा? त्यानं पाऊल टाकलं. एक. मग दोन. तीन. चार. पाच.

पाचव्या राशीवर तो थांबला. भटजींना हात जोडले. आणि दोऱ्यांबाहेर चालायला लागला. मागं वळून बघितलं नाही. उपरण्याची गाठ शालूला मारलेली, म्हणून शेवंता ओढली जात मागोमाग निघाली. शालू धरायला करवली निघाली. करवलीच्या हातात दिवा, तो विझेल म्हणून भटजी निघाले.

"अरे कुठं चाललास?" मामा ओरडला.

"बाद झालो मामा!" गेनू हुंदके देत म्हणाला. "पाच झाले! अण्णांनीच सांगितलंय. बाद झाल्यावर वाद नाही!"

"अरे, दोन पावलं राहिली!" रंगराव फेटा सावरत धावले.

"सहावं पाऊल कुठल्या टप्प्यात असतं अण्णा? तुमचाच नियम."

मुहूर्त निघून चालला होता. भटजी पळीनं कपाळ बडवून घेत होते. बायका कुजबुजायला लागल्या, पाच पावलांचं लग्न खरं की खोटं? पहिल्या रांगेतला ट्रॅक्टरवाला हळूच उठून फेटा नीट करू लागला.

तेव्हा शेवंतानं गाठीला हिसका देऊन गेनूला थांबवलं. "मला सांगा, दोऱ्यांबाहेर पाय टेकला तर दंड असतो?"

गेनूनं डोळे पुसले. "छे. बाहेर खुशाल टेकावा."

शेवंता त्याचं उपरणं गाठीसकट काखेत मारून मंडपात वळली, सहावी आणि सातवी रास पदरात भरली आणि बाहेर अंगणात, तुळशीपाशी नेऊन मांडली. "मग टेका खुशाल."

गेनूनं सहावं पाऊल टाकलं. सातवं टाकलं. भटजींनी पळत येऊन एका दमात मंत्र म्हटले. शेवंतानं बंद मूठ वर धरली. गावानं शिट्ट्या मारल्या. तात्या गुरवांनी टोपी उडवली. ट्रॅक्टरवाला खाली बसला आणि निदान जेवून जावं म्हणून पान कुठे मांडलंय ते बघू लागला.

रंगराव हसत पुढे आले. त्यांनी गेनूच्या पाठीवर हात ठेवला. "जिंकलात जावईबापू! जिंकलात!"

गेनू एकदम गंभीर झाला. "जिंकलो ना? नक्की?"

"नक्की!"

तेवढं ऐकून गेनू शांतपणे मंडपात गेला. बाशिंग सोडलं आणि मामाच्या हातात दिलं. मग रंगरावांच्या खास खुर्चीवर जाऊन बसला. त्यांचा फेटा मागून घेतला, डोक्यावर ठेवला, आणि पायावर पाय टाकला.

"हे काय जावईबापू?" रंगराव चाचरत म्हणाले. "तिथं मुलीचा बाप बसतो."

"माहीत आहे," गेनू म्हणाला. "नवरदेवाचा गट जिंकला. त्यात परत उतरायचं नाही. आता वरच्या गटात. तुम्ही तिकडे बसा, बायजाक्कांपाशी, पन्नाशीपारमध्ये."

मग त्यानं शेवंताला प्रेमानं जवळ बोलावलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि भटजींना म्हणाला,

"गुरुजी, ही आमची शेवंता. आता हिच्यासाठी एखादं चांगलं स्थळ बघा. मुलगा कसाही चालेल. फक्त भोळा नको."